मिठाची कणीक: मुलांच्या हस्तकलेसाठी, आपल्या हवेत टिकणारी

मैदा, मीठ आणि पाणी एवढ्यावर मुलांच्या हस्तकलेसाठी उत्तम कणीक तयार होते. ती हवी तशी वळते, वाळली की टणक होते, रंग धरते आणि नीट जपली तर वर्षानुवर्षं राहते. कृती दोन ओळींची आहे आणि सगळीकडे तशीच सांगितली जाते. पण त्या दोन ओळी बहुतेक वेळा घरोघरी ओव्हन आणि हीटर असलेल्या देशांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे हीच कणीक जुलैत भिजवली तर वस्तू आठवडा गेला तरी वाळत नाहीत, आणि वाळलेल्याही पुन्हा ओलसर, चिकट होतात. दोष कृतीचा नसतो, करणाऱ्याचाही नसतो. मीठ हवेतलं पाणी ओढतं, एवढंच त्यामागचं कारण. म्हणून या लेखात भिजवण्यापेक्षा वाळवण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी दोन गोष्टी मोठ्यांसाठी

ही कणीक दिसते पोळीच्या कणकेसारखी, पण तिच्या वजनात जवळजवळ चाळीस टक्के मीठ असतं. लिंबाएवढ्या, म्हणजे ४० ग्रॅमच्या गोळ्यात सुमारे १५ ग्रॅम मीठ आलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. चिमूटभर जिभेला लावून मूल तोंड वाकडं करेल, त्याची काळजी नको. पण दोन-तीन वर्षांचं मूल गोळा गिळू शकतं आणि ते धोक्याचं आहे. तोंडात घालण्याचं वय उलटल्यावरच ही कणीक हाती द्यावी, आणि तेव्हाही शेजारी बसावं. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, म्हणून खेळ संपला की साबणाने हात धुणं आलंच. घरात कुत्रा असेल तर कणीक आणि वाळलेल्या वस्तू दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा. कुत्र्यांना पिठाचा मोह होतो आणि एवढं मीठ त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांचे हात पाहून घ्या. नखाच्या कडेला चिरा, खरचटलेलं कोपर, मच्छर चावून खाजवलेली जागा असेल तर मीठ झोंबतं आणि मूल पाच मिनिटांत उठून जातं. त्या बोटाला पट्टी लावा किंवा दोन दिवस थांबा. मिठाचे हात डोळ्यांना लावायचे नाहीत, हे सुरुवातीलाच सांगून ठेवावं.

कोणतं पीठ, कोणतं मीठ

पीठ मैद्याचंच घ्यावं. कणीक चालते, पण तिच्यातल्या कोंड्यामुळे वस्तू खरखरीत आणि तपकिरी होते. किल्ल्याचा बुरूज, झाडाचं खोड, मातीची घरं यांसाठी मात्र मी मुद्दाम कणीकच घेते, कारण तिथे तो खरखरीतपणाच हवा असतो. ज्या मुलाला गव्हाची अॅलर्जी आहे त्याच्यासाठी तांदळाची पिठी आणि कॉर्नफ्लॉवर निम्मं निम्मं घ्या. त्या पिठांत चिवटपणा नसतो, म्हणून लांब, बारीक आकार तुटतात. चपटे ठसे मात्र छान होतात.

मिठाबद्दल आग्रह धरायलाच हवा. पुडीतलं साधं, बारीक, शुद्ध मीठ घ्या. मिठागरातलं खडेमीठ स्वस्त असतं, पण त्यात मॅग्नेशियम क्लोराईडचा अंश राहिलेला असतो. तो हवेतली ओल फार लवकर ओढतो, म्हणून तर पावसाळ्यात खडेमिठाच्या बरणीच्या तळाशी पाणी साचतं. तेच मीठ वस्तूत गेलं की वस्तूला घाम सुटतो.

मीठ मिक्सरमधून फिरवून पिठीसाखरेइतकं बारीक करा. गरम पाण्यात मीठ विरघळेल असं वाटून अनेकजण कढत पाणी घेतात, त्याचा फारसा उपयोग नाही. १०० मिली पाण्यात खोलीच्या तापमानाला साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात ३९ ग्रॅमच्या आसपास. आपल्या प्रमाणात पाणी कमी आणि मीठ खूप, त्यामुळे बहुतेक मीठ न विरघळता कणांच्या रूपातच राहणार. ते कण जितके बारीक तितका वस्तूचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि नाक-डोळे स्पष्ट.

भिजवणं

एकच वाटी सगळ्यासाठी वापरा. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि साधारण पाऊण वाटी पाणी. वाटी २०० मिलीची असेल तर मैदा २१० ग्रॅम, मीठ २४० ग्रॅम आणि पाणी १५० ते १६० मिली होतं. मीठ मोजायचं ते दळण्याआधी, कारण दळल्यावर ते फुगून वाटीत कमी मावतं. एवढ्यात ६०० ग्रॅम कणीक होते आणि चार मुलांना तासभर पुरते.

परातीत मैदा आणि मीठ कोरडंच हाताने नीट मिसळा. हे काम मुलांना द्या, त्यांना ते फार आवडतं. मग पाणी थोडं थोडं घाला. शेवटचे दोन-तीन चमचे पाणी हातचं राखून ठेवा, कारण प्रत्येक मैदा वेगळं पाणी पितो. कणीक पुरीच्या कणकेसारखी घट्ट हवी. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहावा आणि बोटाला काही चिकटू नये. मग दहा मिनिटं तळहाताने रेटून मळा. सुरुवातीला ती फुटते, कडा चिरतात, आणि इथेच पाणी वाढवण्याची घाई होते. मळत राहिलात की ती आपोआप एकजीव होते.

तेल घालू नका. तेलाची कणीक मऊ राहते, रंग धरत नाही, व्हार्निश सोलून निघतं. बेकिंग पावडर तर अजिबात नको, वस्तू फुगून चेहरेच बदलतात.

गोळा ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. उघडाल तेव्हा तो आधीपेक्षा सैल आणि किंचित चिकट झालेला असेल. चमचाभर मैदा लावून पुन्हा मळा. ही कणीक त्याच दिवशी वापरावी हे उत्तम. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते, पण रोज थोडी सैल होत जाते आणि रोज थोडा मैदा मागते.

रंग कणकेतच घालायचा असेल तर हळद, कॉफी आणि गेरू हे तीन भरवशाचे. गेरूने कौलांचा आणि मातीच्या भिंतींचा रंग हुबेहूब येतो. बिटाचा रस भिजवताना सुंदर गुलाबी दिसतो आणि उष्णतेने मळकट तपकिरी होतो, म्हणून ज्या वस्तू भट्टीत जाणार त्यांत तो नको.

आकार देताना

पोळपाटावर दुधाची पिशवी कापून, धुऊन पसरा आणि तिच्यावर लाटा. करंजीचं कातणं, बाटल्यांची झाकणं, कंगवा, जुनी बटणं, भेंडीचा देठाकडचा तुकडा, खादीचं जाड कापड, सगळ्यांचे ठसे उमटतात. पिंपळाचं किंवा जास्वंदीचं पान ठेवायचं तर शिरा वर आलेली मागची बाजू कणकेवर ठेवून लाटणं फिरवा. सोऱ्यातून किंवा गाळणीतून दाबली की केस, गवत आणि दाढी तयार. ही भांडी लगेच धुवा. पितळ, लोखंड आणि अॅल्युमिनियम यांना मीठ खातं.

तीन नियम मात्र कसोशीने पाळा. चपटी वस्तू ५ ते ८ मिलिमीटर जाड आणि सगळीकडे सारखीच हवी. कडा पातळ आणि मध्य जाड झाला की कडा आधी वाळून आक्रसतात आणि वस्तू वाकते. गोल, भरीव वस्तू पूर्ण कणकेची करू नये. आत फॉइलचा चुरगळलेला गोळा ठेवून वर अर्धा सेंटीमीटर कणीक चढवावी, नाहीतर आतली ओल महिनाभर निघत नाही. आणि एक भाग दुसऱ्याला नुसता दाबून चिकटत नाही. दोन्ही जागा टूथपिकने खरवडा, बोटाने पाणी लावा, मग दाबा. मुलं पाणी फार लावतात. एका थेंबाचं काम आहे.

दोरा ओवायचं भोक स्ट्रॉने पाडा. सुईचं भोक वाळताना बुजतं.

वाळवणं

शुद्ध मीठ हवेतल्या ओलाव्याशी एका ठरावीक हिशेबाने वागतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर ते कोरडं राहतं, वर गेली की ते पाणी ओढून विरघळू लागतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आणि गोव्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे त्या दिवसांत बाहेर ठेवून ही वस्तू वाळणारच नाही. बेंदूर-पोळ्याचे बैल, नागपंचमीचा नाग, राख्या हे सगळं करायचा मोह होतो, पण ते सण नेमके त्याच ओल्या महिन्यांतले. तिथे चिकणमाती किंवा शाडूच बरी. मिठाच्या कणकेचा हंगाम दसऱ्यापासून सुरू होतो आणि मेअखेरीस संपतो.

हंगामात वाळवायचं तरी घाईने नाही. ओली वस्तू थेट कडक उन्हात ठेवली की वरचा पापुद्रा आवळतो, आत ओल अडकते आणि भेग पडते. पहिला दिवस घरात, पंख्यापासून जरा दूर, जाळीवर किंवा चाळणीवर ठेवा म्हणजे खालूनही हवा लागेल. दुसऱ्या दिवशी उलटा. तिसऱ्या दिवसापासून ऊन दाखवा, वर मलमलचं कापड टाकून. पाच मिलिमीटरची वस्तू पुण्याच्या हिवाळ्यात चार दिवसांत वाळते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी असते. तिथली हवा इतकी कोरडी की सावलीतसुद्धा तडे जातात. तिथे पहिला दिवस वस्तूंवर वर्तमानपत्र झाकून ठेवा, म्हणजे ओल हळू निघेल.

ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, असेल तर १०० अंश सेल्सिअसवर, बटर पेपरवर, मधल्या कप्प्यात. पाच मिलिमीटरच्या वस्तूला दोन ते अडीच तास लागतात, तासाभराने उलटायची. सेंटीमीटरभर जाडीला चार तास धरा. तापमान १३० च्या पुढे गेलं की फुगे येतात आणि रंग बिस्किटासारखा होतो. मोठ्या वस्तूला मागून सुईने चार-पाच भोकं पाडली तर आतली वाफ निघून जाते. झाल्यावर दार बंद ठेवूनच थंड होऊ द्या. मला सगळ्यात पटलेली पद्धत मिश्र आहे. दोन दिवस घरात वाळवायचं आणि मग ओटीजीत तासभर. वीज वाचते आणि तडे जवळजवळ जात नाहीत. मायक्रोवेव्ह टाळा. तो आतलं पाणी एकदम उकळवतो, वस्तू फुगते किंवा फुटते, आणि आत फॉइल असेल तर ठिणग्या उडतात.

वाळली की नाही हे हाताला कळत नाही, वर कोरडी असूनही पोटात ओली असते. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. ओली वस्तू तोला, आकडा पेन्सिलीने लिहून ठेवा. कणकेच्या वजनात साधारण पाव हिस्सा पाणी असतं, म्हणून फॉइल नसलेला १०० ग्रॅमचा तुकडा पुरता वाळल्यावर ७५ ग्रॅमच्या आसपास येतो. लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरलं की समजा, काम झालं. हे वजन करणं आणि तक्ता लिहिणं आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडे सोपवा. वाळणं म्हणजे पाणी हवेत जाणं, हे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतं.

रंग आणि लेप

पोस्टर कलर किंवा अॅक्रिलिक वापरा, आणि घट्ट. पातळ जलरंगाचे हात दिले की वरचं मीठ विरघळतं आणि रंगावर पांढरी खार फुटते. रंग एक दिवस वाळू द्या. नंतर पारदर्शक व्हार्निशचे दोन पातळ हात, खिडक्या उघड्या ठेवून, मोठ्यांनी द्यायचे. लेप सगळ्या बाजूंना हवा. मागची बाजू, तळ, दोऱ्याच्या भोकाच्या आतली कड, काहीही सुटायला नको. पुढच्या पावसाळ्यात ओल शिरते ती राहून गेलेल्या जागेतूनच. पाण्यात मिसळलेलं फेविकॉल लावून चकाकी येते, पण ते ओलीला अडवत नाही. मोडलेला तुकडा जोडायला मात्र तेच उत्तम.

दिवाळीचा किल्ला

दसरा ते लक्ष्मीपूजन या वीस दिवसांत मावळे करून, वाळवून, रंगवून होतात आणि हवाही साथ देते. सात-आठ सेंटीमीटर उंचीचा मावळा पुरे. फॉइलची बोटाएवढी गुंडाळी करा आणि तिच्यावर कणीक चढवा. पाय वेगळे करू नका. अंगरख्याचा घेर खालपर्यंत आणून मध्ये एक रेघ ओढली की पाय दिसतात आणि मावळा उभाही राहतो. हात अंगाला चिकटलेले, ढाल बटणाच्या ठशाची, पागोटं सोऱ्यातल्या दोरीचं वेटोळं. तलवार आणि भाला कणकेचे नकोत, टूथपिक किंवा जाड पुठ्ठा घ्या. ओल्या कणकेत टूथपिक खोचून भोक पाडा, काढून ठेवा आणि वाळल्यावर फेविकॉलने बसवा. आत लाकूड ठेवून वाळवलं तर कणीक आक्रसते, लाकूड आक्रसत नाही, आणि हात तडकतो.

किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडतात. ओल्या मातीवर ठेवलेला मावळा पायाकडून विरघळेल आणि त्यातलं मीठ उतरलं की भोवतीचे कोंब मरतील. म्हणून प्रत्येक मावळ्याखाली फरशीचा किंवा कौलाचा तुकडा ठेवावा आणि पाणी घालताना मावळे उचलावेत. पणत्या मात्र या कणकेच्या करू नका. तेल पिठात मुरतं आणि पीठ पेटतं. दीप अमावास्येचे कणकेचे दिवे उकडून, तूप घालून, समोर बसून लावायचे असतात. रंग-व्हार्निश दिलेली ही वस्तू वेगळी आहे. तिच्यात बॅटरीचा छोटा दिवा ठेवा.

महाराष्ट्राचा उठावाचा नकाशा

नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी या कणकेचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. भूगोलाच्या पुस्तकातली सह्याद्रीची रेघ बोटाखाली उभी राहते.

पुठ्ठा ओलीने वाकतो, म्हणून प्लायवुड घ्या, ४५ सेंटीमीटर लांब-रुंद. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर आहे. तो ४० सेंटीमीटरमध्ये बसवला तर १ सेंटीमीटर म्हणजे २० किलोमीटर. आता मुलाला विचारा की १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई या मापाने किती उंच होईल? उत्तर येतं जेमतेम ०.८ मिलिमीटर. म्हणून नकाशात उंची नेहमी वाढवून दाखवतात. कळसूबाई २ सेंटीमीटर धरलं तर उंची चोवीसपट वाढली, आणि हेच माप सगळीकडे लावायचं. पुण्याचं पठार सुमारे ५६० मीटर, म्हणजे ७ मिलिमीटर. नागपूर सुमारे ३१० मीटर, म्हणजे ४ मिलिमीटरही नाही. तापीच्या खोऱ्यातलं जळगाव त्याहून खाली, आणि त्याच्या उत्तरेला सातपुड्याची भिंत, जिथे अस्तंभा शिखर १,३२५ मीटर, म्हणजे १.६ सेंटीमीटर. कोकणपट्टी अडीच-तीन सेंटीमीटर रुंदीची, जवळजवळ सपाट.

फळीवर सीमारेषा काढून आतल्या भागात फेविकॉलचा पातळ हात द्या. दोन वाट्या मैद्याची दोन घाणी लागतील, आणि कणीक नेहमीपेक्षा किंचित सैल. पहिला थर सगळीकडे ३ मिलिमीटरचा. तो दोन दिवस वाळला की पाण्याचा हात लावून पठार चढवा, पश्चिमेकडे जाड आणि पूर्वेकडे उतरतं. मग पुन्हा दोन दिवस थांबून सह्याद्रीची रांग. तिची पश्चिम बाजू कड्यासारखी उभी कापा आणि पूर्वेची बाजू बोटाने हळूहळू पठारात मिसळा. उंची मापायला टूथपिकवर मिलिमीटरच्या खुणा करून ती कणकेत खुपसा. कणीक ओली असतानाच मागच्या टोकाने नद्यांच्या चऱ्या ओढा, त्र्यंबकेश्वरहून गोदावरी, भीमाशंकरहून भीमा, महाबळेश्वरहून कृष्णा. अरबी समुद्र इतका जवळ असून या नद्या पूर्वेला का गेल्या, हे उताराकडे बघून मूल स्वतःच सांगतं. तापी उलटी, पश्चिमेला का जाते हेही.

हा नकाशा ओटीजीत जात नाही आणि उन्हातही नको. घरातच आडवा ठेवून शेवटच्या थरानंतर पाच-सहा दिवस वाळवा. बारीक भेगा पडतीलच. थोडी कणीक पाण्यात कालवून ती लापशी भेगांत भरा आणि पुन्हा वाळू द्या. रंग नकाशाच्या रीतीने द्या, सखल भाग हिरवा, पठार पिवळं, डोंगर तपकिरी.

उरलेलं आणि मोडलेलं

पावसाळ्यापूर्वी सगळ्या वस्तू कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा, सोबत नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. त्या पुड्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. एखादी वस्तू ओलसर झालीच तर लेप खरवडून ती पुन्हा तासभर १०० अंशांवर ठेवावी, आणि थंड झाल्यावर नवा लेप द्यावा.

उरलेली कणीक गाईला, कावळ्यांना किंवा गल्लीतल्या कुत्र्यांना घालू नका. घरात उरलेलं पीठ जनावरांना घालण्याची आपली सवय असते, म्हणून हे कामवाल्या मावशींनाही सांगून ठेवावं. कुंड्यांत आणि कंपोस्टमध्येही ती जाऊ नये, मीठ माती नासवतं. मोरीत धुऊन टाकली तर पीठ नळीत बसून पाणी तुंबतं. गोळा वाळवून कागदात गुंडाळा आणि कचऱ्यात टाका. परात आधी कोरड्या कापडाने पुसून घ्या आणि मग धुवा.